मासिक पाळीचा कप : एका उपेक्षित वस्तूचा सामाजिक इतिहास (१८६७ ते २०२२)

प्रास्ताविक

इतिहासलेखनात वस्तूंना स्थान मिळाले ते तुलनेने उशिरा. नांगर, चरखा, छापखाना, शिवणयंत्र यांचे इतिहास लिहिले गेले. परंतु न्हाणीघराच्या कोनाड्यात किंवा फडताळातील कपड्यांच्या तळाशी लपवून ठेवल्या जाणाऱ्या वस्तू अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटल्या. मराठी समाजात 'बाहेर बसणे', 'कावळा शिवणे', 'अडचण असणे' अशा शब्दप्रयोगांची कमतरता नाही. न्हाण आल्यावर मुलीला मखरात बसविण्याचा सोहळा होई, विटाळाचे नियम सविस्तर सांगितले जात, ऋषिपंचमीचे व्रत पाळले जाई. म्हणजे मासिक पाळी हा विषय समाजाच्या बोलण्यात नव्हता असे नाही. बोलण्यात नव्हती ती पाळीतील वस्तू. त्या चार दिवसांत स्त्रीने नेमके काय वापरले, ते कोठे धुतले आणि कोठे वाळत घातले, याची नोंद करण्याची गरज कोणास वाटली नाही.

प्रस्तुत निबंधात अशाच एका वस्तूचा, म्हणजे मासिक पाळीच्या कपाचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. हा कप आकाराने लहान घंटेसारखा किंवा पेल्यासारखा असून त्याच्या तळाशी एक छोटा देठ असतो. तो घडी घालून योनिमार्गात बसविला की उघडतो, भिंतींना चिकटून राहतो आणि रक्त साठवितो. कापडाची घडी, सॅनिटरी नॅपकिन आणि टॅम्पॉन ही तिन्ही साधने रक्त शोषून घेतात. कप ते केवळ गोळा करतो. वरवर पाहता हा भेद किरकोळ वाटेल. परंतु शोषणारी वस्तू भिजली की टाकून द्यावी लागते किंवा धुऊन वाळवावी लागते, तर गोळा करणारी वस्तू रिकामी करून, धुऊन लगेच पुन्हा वापरता येते. एक कप नीट राखल्यास कित्येक वर्षे टिकतो. येथेच एक प्रश्न उभा राहतो. आजच्या कपाशी जवळजवळ हुबेहूब जुळणारी वस्तू १९३७ मध्येच पेटंट झालेली असताना ती सर्वसामान्य स्त्रियांपर्यंत पोहोचण्यास पाऊणशे-ऐंशी वर्षे का लागावीत?

रबर, पट्टा आणि पेटंट

कपाची कथा रबरापासून सुरू होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत तडकते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली आणि १८४४ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट घेतले. त्यानंतर लवचीक, पाणी न शोषणाऱ्या आणि शरीराशी जुळवून घेणाऱ्या वस्तू बनविणे शक्य झाले. १२ नोव्हेंबर १८६७ रोजी एस. एल. हॉकर्ट या व्यक्तीस अमेरिकेत ऋतुस्राव साठविणाऱ्या पिशवीचे पेटंट मिळाले. ही रबरी पिशवी शरीरात बसवून कमरेच्या पट्ट्याला जोडावयाची होती. पुढील काही दशकांत अशाच प्रकारच्या इतर साधनांची पेटंटे नोंदविली गेली. पेटंट मिळणे आणि वस्तू वापरात येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. पेटंट कार्यालयाची दप्तरे ही कल्पनांची दप्तरे असतात. त्यांवरून स्त्रियांच्या न्हाणीघरात काय होते याचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

त्या काळातील रबरी अंतर्साधनांचा दुसरा प्रवाह गर्भनिरोधाचा होता. जर्मन वैद्य विल्हेल्म मेन्सिंगा यांनी १८८० च्या दशकात प्रसृत केलेली रबरी टोपी ही त्या प्रवाहातील महत्त्वाची वस्तू होय. आकार, द्रव्य आणि बसविण्याची रीत या तिन्ही बाबतींत ती ऋतुस्रावाच्या कपाची जवळची नातलग ठरते. मात्र या नात्याने कपाचे नुकसानच अधिक केले असावे. अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधक वस्तू टपालाने पाठविणे हा गुन्हा ठरविला होता. स्त्रीने स्वतःच्या हाताने शरीरात बसवावयाची कोणतीही रबरी वस्तू अशा वातावरणात संशयास्पद ठरणे स्वाभाविक होते.

पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी तयार केलेल्या लाकडाच्या लगद्याच्या शोषक द्रव्यापासून पुढे कोटेक्स हे नॅपकिन निघाले. १९२० च्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आले आणि वापरून टाकून देण्याच्या युगास खऱ्या अर्थाने प्रारंभ झाला. १९३१ मध्ये डॉ. अर्ल हास यांनी टॅम्पॉनच्या पेटंटसाठी अर्ज केला; ते १९३३ मध्ये मंजूर झाले. त्यांच्या रचनेत कापसाच्या गुंडाळीबरोबर पुठ्ठ्याची नळी होती. या नळीमुळे स्त्रीस आपल्या शरीराला बोट लावावे लागत नसे. टॅम्पॅक्सच्या यशाचे श्रेय कापसाइतकेच या नळीलाही द्यावे लागेल.

लिओना चाल्मर्स यांचा कप

अमेरिकी अभिनेत्री लिओना चाल्मर्स यांनी १९३५ मध्ये अर्ज केलेले पेटंट ३ ऑगस्ट १९३७ रोजी मंजूर झाले. पट्टा, तार, दोरी असे काहीही नसलेला, केवळ स्वतःच्या लवचीकपणावर शरीरात टिकून राहणारा हा रबरी कप होता. याच वर्षी त्यांनी स्त्रियांच्या शरीरधर्माविषयीचे एक पुस्तकही प्रसिद्ध केले. वस्तू विकावयाची तर आधी शरीर समजावून सांगावे लागेल, ही जाण त्यामागे दिसते. योनिमार्गाचा कोन, स्नायूंची शिथिलता, गर्भाशयाच्या मुखाची जागा या गोष्टी ठाऊक नसतील तर कप बसविणे अवघडच जाते. नॅपकिनसाठी शरीराच्या आतील रचनेचे असे ज्ञान लागत नाही. बाजाराच्या दृष्टीने हीच नॅपकिनची मोठी जमेची बाजू ठरली.

चाल्मर्स यांच्या उद्योगास बसलेला फटका मात्र स्त्रीदेहाशी संबंधित नव्हता. १९४२ च्या प्रारंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकून घेतले आणि अमेरिकेला होणारा नैसर्गिक रबराचा बहुतेक सारा पुरवठा तुटला. विमानांची व लष्करी वाहनांची चाके प्रथम, बाकी सारे नंतर, असा तो काळ होता. कपाचे उत्पादन थांबले. आग्नेय आशियातील मळ्यांमध्ये, जेथे हजारो तमिळ मजूर राबत होते, तेथे घडलेल्या युद्धाचा परिणाम अमेरिकी स्त्रीच्या अत्यंत खासगी वस्तूवर व्हावा, हे वस्तूंच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. तो वरकरणी घरातला असतो, पण त्याची मुळे समुद्रापार असतात.

युद्धानंतर चाल्मर्स यांनी सुधारित रचना केली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट ओरेक या उद्योजकाच्या सहभागाने 'टॅसेट' या नावाने कप पुन्हा बाजारात आला. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे परिसरात त्याचा भव्य जाहिरातफलकही लागला. परंतु ज्या वस्तूचे काम चारचौघांत सांगता येत नाही, तिची जाहिरात करणे म्हणजे नाव घेऊन कोडे घालण्यासारखेच होते. १९६२ मध्ये ह्यूस्टनचे डॉ. कार्ल जॉन कार्नाकी यांनी अमेरिकेतील स्त्रीरोगशास्त्राच्या नियतकालिकात रबरी कपाविषयी अनुकूल निष्कर्षांचा लेख प्रसिद्ध केला. वैद्यकाची ही साक्षही उपयोगी पडली नाही आणि १९६३ च्या सुमारास टॅसेटचा व्यवहार आटोपला. पुढे १९७० च्या सुमारास 'टॅसअवे' हा कप निघाला. तो वापरून फेकून देण्यासाठी होता. जी वस्तू टिकते हाच जिचा गुण, तिला व्यापारासाठी नाशवंत व्हावे लागले. तीही काही वर्षांतच दिसेनाशी झाली. एकदा विकल्यावर ग्राहक कित्येक वर्षे परत येत नाही अशा वस्तूसाठी दुकानदाराने फळीवर जागा का द्यावी, हा साधा हिशेब या अपयशामागे होता. स्त्रियांना ही वस्तू नको होती, असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही. ती त्यांच्यापुढे पुरेशी आलीच नाही.

या साऱ्या वस्तूंचे नमुने व जाहिराती गोळा करण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने केले असेल असे वाटेल. प्रत्यक्षात हॅरी फिनली या ग्राफिक डिझायनरने मेरीलँड राज्यातील आपल्या घराच्या तळघरात १९९४ मध्ये मासिक पाळीचे संग्रहालय उघडले. ते १९९८ पर्यंत चालले. एका पुरुषाने हा खटाटोप केला म्हणून त्याची पुष्कळ थट्टा झाली. कपाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र आजही त्या संग्रहाचे ऋण मानावे लागते.

भय आणि पुनरागमन

१९७८ मध्ये जेम्स टॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमध्ये आढळलेल्या एका गंभीर आजाराचे वर्णन 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' या नावाने केले. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे तो उद्भवतो. १९८० मध्ये अमेरिकेत पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुण स्त्रियांमध्ये या आजाराचे शेकडो रुग्ण आढळले, अनेक मृत्यू झाले आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपला 'रिलाय' हा अतिशोषक टॅम्पॉन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारातून मागे घेतला. शोषणक्षमता हा जो गुण म्हणून मिरविला जात होता, तोच दोष ठरला. बोस्टनमधील स्त्रियांनी १९७० पासून स्वतःच्या शरीराविषयी स्वतः लिहिण्याची जी चळवळ उभारली होती, तिने या घटनेपूर्वीच स्त्रियांना आरसा हाती घेऊन स्वतःचे शरीर पाहावयास शिकविले होते. कपाला अनुकूल असा वाचकवर्ग अशा रीतीने तयार झाला.

१९८७ मध्ये लू क्रॉफर्ड यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी येथून 'द कीपर' हा रबरी कप विकावयास आरंभ केला. फळी, दुकान, वितरक यांना वळसा घालून तो प्रामुख्याने तोंडोतोंडी व टपालाने पसरला. रबराची ॲलर्जी असणाऱ्या स्त्रियांची अडचण मात्र कायम होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात औद्योगिक उत्पादन सुरू झालेल्या सिलिकॉनने ती सोडविली. २००२ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन शहरातून 'मूनकप' हा सिलिकॉनचा कप निघाला आणि पाठोपाठ कॅनडातून 'दिवाकप' आला. वैद्यकीय प्रतीचे सिलिकॉन उकळते पाणी सहज सहन करते. रबर वारंवारच्या उष्णतेने जीर्ण होते. द्रव्य बदलले तसे वस्तू राखण्याचे नियमही बदलले.

वापर आणि निगा

कोणत्याही वस्तूचा खरा इतिहास तिच्या वापराच्या सूचनांमध्ये दडलेला असतो. कपाच्या सूचना पाहिल्या तर त्यांत हात, पाणी, अग्नी आणि वेळ या चार गोष्टी पुनःपुन्हा येतात. हात साबणाने धुवावेत. कपाचा काठ दाबून इंग्रजी 'सी' अक्षरासारखी घडी घालावी, उकिडवे बसून किंवा एक पाय उंचावर ठेवून तो आत सरकवावा आणि तो पूर्ण उघडला आहे की नाही हे बोट फिरवून पाहावे. काढताना देठ ओढू नये. काठ व शरीर यांच्यामध्ये हवेचा दाब निर्माण झालेला असतो, म्हणून कपाचा तळ चिमटीत धरून तो आधी सैल करावा लागतो. तांबी बसविलेल्या स्त्रियांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी, कारण कप ओढताना तांबी जागेवरून सरकल्याच्या नोंदी आहेत. अशा स्त्रियांनी कप वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. कप रिकामा करून स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा बसविता येतो. पाळी संपल्यावर तो पाण्यात पूर्ण बुडेल अशा बेताने काही मिनिटे उकळावा, कोरडा करावा आणि हवा खेळती राहील अशा सुती पिशवीत ठेवावा. सुगंधी साबण किंवा तेल त्यास लावू नये. घट्ट झाकणाच्या डबीत ओलसर कप ठेवण्याची सवय तर कटाक्षाने टाळावी.

तो किती वेळ आत ठेवावा, याविषयी मात्र सर्वांचे एकमत झालेले नाही. बहुतेक उत्पादक १२ तासांपर्यंतची मुदत देतात. कपामुळे टॉक्सिक शॉक सिंड्रोम होत नाही अशी समजूत दीर्घकाळ होती. २०१५ मध्ये कॅनडातील एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली आणि ती डळमळली. २०१८ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी ११ प्रकारचे टॅम्पॉन व ४ कप प्रयोगशाळेत तपासले. कपात हवा अधिक शिरत असल्याने तेथे जिवाणूंची वाढ आणि विषनिर्मिती अधिक होऊ शकते, तसेच कपाच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा पातळ थर टिकून राहतो, असे त्यांना आढळले. म्हणून दोन वापरांच्या दरम्यान कप उकळावा किंवा दुसरा कप जवळ बाळगावा, असे त्यांनी सुचविले. फ्रान्समधील आरोग्य यंत्रणेनेही पुढे सहा तासांची मर्यादा सुचविली. हा आजार अत्यंत विरळा आहे हे खरे. परंतु 'नैसर्गिक', 'निर्धोक' अशी विशेषणे लावून कपाची भलावण करणाऱ्या लेखनात ही बाजू हमखास गाळली जाते, आणि ते योग्य नव्हे.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात कपाविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. या अभ्यासांत ३,३१९ स्त्रिया व मुलींचा समावेश होता. गळतीचे प्रमाण इतर साधनांइतकेच किंवा त्याहून कमी, सवय होण्यास काही महिन्यांचा अवधी, आणि सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के स्त्रियांची वापर चालू ठेवण्याची इच्छा, असे त्याचे स्थूल निष्कर्ष होते. संपन्न देशांत केलेल्या पाहण्यांमध्येदेखील कपाची माहिती असलेल्यांचे प्रमाण ११ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यानच होते. शाळेतील शिक्षणसाहित्यातून कप बहुधा गायब असतो, ही गोष्टही त्यातून पुढे आली.

चितवनचा धडा

भारताच्या संदर्भात विचार करताना अमेरिका-युरोपापेक्षा शेजारच्या नेपाळमधील अनुभव अधिक जवळचा वाटतो. एमिली ऑस्टर व रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी चितवन जिल्ह्यातील शाळकरी मुली व त्यांच्या माता अशा १९८ जोड्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक निवड करून काहींना कप दिले गेले. या अभ्यासातून दोन निष्कर्ष निघाले आणि दोन्ही रूढ समजुतींना छेद देणारे होते. पाळीमुळे मुलींची शाळा मोठ्या प्रमाणावर बुडते असे गृहीत धरून अनेक योजना आखल्या जातात. येथे मात्र १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे सरासरी ०.४ दिवस बुडतो असे दिसले, आणि कप मिळाल्याने त्यात फरक पडला नाही. दुसरा निष्कर्ष असा की, ज्या मुलींच्या मैत्रिणींना कप मिळाले होते त्या तो वापरण्यास लवकर शिकल्या. वस्तू हाती पडण्यापेक्षा ती कशी बसवावी हे सांगणारी मैत्रीण असणे महत्त्वाचे ठरले. चाल्मर्स यांनी पुस्तक लिहून जे साधू पाहिले, ते चितवनमध्ये मैत्रिणींनी साधले.

शाळेची हजेरी वाढत नसेल तर कप निरुपयोगी, असा अर्थ काही टीकाकारांनी काढला. हा युक्तिवाद फारसा पटण्याजोगा नाही. मुलीस कोरडे व निश्चिंत बसता यावे, ही गोष्ट हजेरीपटात उमटली नाही तरी तिचे मोल कमी होत नाही.

महाराष्ट्र : शब्द, कचरा आणि स्पर्श

मराठी वाचकास स्त्रीच्या शरीराविषयी मोकळेपणाने सांगण्याचे श्रेय प्रामुख्याने रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे जाते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. १९२३ मध्ये कर्वे यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक आले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने काम पाहिले. ज्या दशकात अमेरिकेत कपाला पेटंट मिळत होते, त्याच दशकात मराठीत शरीरावयवांची नावे छापणाऱ्यास न्यायालयात उभे राहावे लागत होते, हा समकालीन संदर्भ नजरेआड करून चालणार नाही. कपास आजही मराठीत स्वतःचे नाव नाही. कोणी 'पाळीचा कप' म्हणतो, कोणी नुसतेच 'कप'. चहाच्या कपाशी होणारी या शब्दाची गल्लत हा मुलींच्या थट्टेचा विषय असतो. तरीही 'ऋतुपात्र' वगैरे घडविलेल्या शब्दांपेक्षा तोच टिकेल असे दिसते.

गेल्या काही दशकांत शासकीय धोरणाने मात्र नॅपकिनलाच स्वच्छतेचे एकमेव प्रतीक मानले. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांच्या यंत्राने स्वस्त नॅपकिनची कल्पना घरोघरी पोहोचविली. जुलै २०१७ मध्ये नॅपकिनवर लागू झालेला १२ टक्के वस्तू व सेवा कर जुलै २०१८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ नॅपकिन देण्याचे ठरविले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयोगटातील ७७.३ टक्के स्त्रिया स्वच्छ साधने वापरतात असे नोंदविले गेले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५७.६ टक्के होते. या पाहणीने 'स्वच्छ' साधनांत कपाचा समावेश केला, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु कापड मात्र 'स्वच्छ' यादीबाहेर राहिले. उन्हात वाळविलेले सुती कापड अस्वच्छ आणि बारा तास न बदललेले नॅपकिन स्वच्छ, असे हे वर्गीकरण आहे. दोष कापडाचा नसून ते उघड्यावर वाळविण्याची मुभा नसण्याचा आहे.

टाकून देण्याजोग्या वस्तूचा दुसरा अंक कचऱ्यात सुरू होतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. कचरा वर्गीकरण करणाऱ्या या स्त्रियांना, ज्यांत दलित समाजातील स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, दुसऱ्यांची वापरलेली नॅपकिन उघड्या हातांनी वेगळी करावी लागत. २०१३ मध्ये त्यांनी अशी नॅपकिन पोत्यांत भरून उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम काढली. पुढे अशा कचऱ्याच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले. उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. कपाच्या इतिहासाचा मुख्य पेच येथे स्पष्ट होतो. टॅम्पॉनची पुठ्ठ्याची नळी असो की कागदात गुंडाळलेले नॅपकिन, या वस्तूंनी मध्यमवर्गीय स्त्रीस स्वतःच्या रक्ताचा स्पर्श टाळण्याची सोय दिली. तो स्पर्श नाहीसा मात्र झाला नाही, तर दुसऱ्या स्त्रीच्या हाती गेला. जुन्या विटाळाने घरातील बाईला दूर बसविले. नव्या स्वच्छतेने ते ओझे वस्तीतील बाईच्या पाठीवर ठेवले. कप हा स्पर्श ज्याचा त्याच्याकडे परत आणतो, आणि बहुधा म्हणूनच तो अवघड वाटतो.

अविवाहित मुलींच्या बाबतीत आणखी एक भीती असते ती कौमार्याची. योनिपटल हे शीलाचे प्रमाणपत्र नव्हे, ते खेळताना वा धावतानाही ताणले जाऊ शकते, हे वैद्यकाने सांगून झाले आहे. तरीही कंजारभाट समाजातील तरुणांना २०१८ मध्ये कौमार्यचाचणीविरुद्ध मोहीम उघडावी लागली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत ही चाचणी गुन्हा मानण्याची घोषणा राज्य शासनास करावी लागली. ज्या समाजात अशी चाचणी होते तेथे आई मुलीच्या हाती कप देण्यास कचरते, याचे नवल नाही. ही भीती एका समाजापुरती मर्यादित आहे असेही समजू नये.

केरळ आणि पाण्याचा प्रश्न

भारतात कपाला सार्वजनिक मान्यता मिळाली ती केरळमध्ये. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेल्या नॅपकिनची विल्हेवाट कशी लावावी, हा पेच उभा राहिला होता. २०१९ मध्ये अलप्पुळा नगरपालिका क्षेत्रात 'थिंकल' प्रकल्पातून ५,००० कप विनामूल्य वाटण्यात आले. थिंकल म्हणजे चंद्र. एचएलएल लाइफकेअर ही सरकारी कंपनी त्यामागे होती आणि कोल इंडियाने आर्थिक साहाय्य दिले. १९६६ मध्ये हिंदुस्तान लॅटेक्स या नावाने गर्भनिरोधकांसाठी स्थापन झालेल्या कंपनीने अर्धशतकानंतर कपाकडे वळावे, हे मेन्सिंगाच्या टोपीपासूनचे जुने नाते आठवून देणारे आहे. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून घोषित झाले. चोहोकडे खाडी असलेल्या, कचरा पुरण्यास जागा नसलेल्या गावात ही कल्पना रुजावी यात भूगोलाचा वाटा आहे.

अलप्पुळा व कुंबळंगीचे अनुकरण सर्वत्र होईल का, याचे उत्तर पाण्यावर अवलंबून आहे. गडचिरोलीच्या माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया ज्या कुर्माघरात राहतात, तेथे नळ नसतो आणि कप उकळण्यास चूलही सहजी मिळत नाही. त्या स्त्रीस विनामूल्य कप देणे म्हणजे तिच्यावर नवी जबाबदारी टाकणे होय. मराठवाड्यातील टँकरवर चालणाऱ्या वस्त्यांत, जेथे पाणी हंड्याने मोजले जाते, तेथेही हीच गत आहे. या मुद्द्यास एक उलटी बाजूही आहे. युरोपीय सार्वजनिक स्वच्छतागृहात हात धुण्याचे बेसिन शौचकूपाच्या दाराबाहेर असते, त्यामुळे तेथील स्त्रीस कप धुण्यासाठी बाटलीतून पाणी आत न्यावे लागते. भारतीय शौचकूपात नळ, बादली आणि मग आतच असतात, बसण्याची पद्धत उकिडवी असते. कपासाठी याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

महाविद्यालयांच्या नॅकसाठीच्या अहवालांतून सॅनिटरी नॅपकिनचे विक्रीयंत्र आणि भट्टी यांची नोंद छायाचित्रासह केली जाते. मुलींच्या शौचकूपातील नळास दुपारी तीन वाजता पाणी असते की नाही, दाराची कडी लागते की नाही, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एखादे वेगळे पातेले ठेवता येते की नाही, याची नोंद त्या अहवालात करण्यास रकाना नाही.